सोनं धुतलेलं पाणी

आईच्या हातातून पाटल्या काढणं हा पूर्वी एक कार्यक्रमच असायचा. मनगटाला खोबरेल चोळायचं, त्यावर दुधाची धुतलेली रिकामी पिशवी चढवायची, आईनं अंगठा तळहातात दुमडायचा आणि मी हळूहळू ओढायचं. "अगं हाड आहे तिथं, सोललंस की!" हे दरवर्षीचं वाक्य. यंदा गौरींच्या आधी दोन दिवस मी बाटली घेऊन बसले, तर तिनं नुसता हात खाली केला आणि दोन्ही पाटल्या एकामागोमाग एक माझ्या ओंजळीत पडल्या. आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही. मी बाटलीचं झाकण परत लावलं.

पाटल्या अजून कोमट होत्या. नक्षीच्या खाचांत पिवळट काळा थर. सोन्यावर एवढा मळ येतो कुठून, हे कोडं मला लहानपणी फार छळायचं. सोनं गंजत नाही असं शाळेत सांगायचे आणि घरी आई दरवर्षी तेच सोनं घासत बसलेली.

शाळेतले बरोबरच सांगत होते. सोन्याला काही होत नाही, होतं ते त्याच्या सोबत्यांना. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांतले २२ भाग सोनं. शेकड्यात मांडलं तर ९१.६, म्हणून हल्लीच्या दागिन्यावर आतून बारीक ९१६ असं उमटवलेलं दिसतं. उरलेले दोन भाग तांबं, चांदी वगैरे. चोख सोनं इतकं मऊ की या मंडळींच्या आधाराशिवाय ते आकार धरत नाही. काळवंडतात ती ही मंडळी. पण पाटलीच्या खाचेत बसतो तो थर बहुतेक वेळा त्यांचाही नसतो. तो अंगाच्या तेलाचा, साबणाचा, कणकेचा, पावडरीचा असतो, आणि आमच्या सांगलीत हळदीचा. साबण आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की बादलीच्या कडेला जसा पांढरा चिकट साका धरतो, तसाच तो नक्षीतही धरतो, आणि मग बाकीचं सगळं त्याला चिकटत जातं. तो मळ टाचणीनं कोरून काढला तर आईचा वर्षभराचा स्वयंपाक त्यात सापडेल. (टाचणीनं कोरू नका मात्र. ओरखडे उठतात.)

आमचं जुनं घर गावभागात. आजी होती तोवर दागिने उजळायचे ते वर्षातून एकदाच, गौरी यायच्या आधी, दुपारी, पुरुषमाणसं बाहेर गेल्यावर. दाराला आतून कडी. आदल्या रात्री रिठे फोडून, बिया काढून भिजत घातलेले असायचे. सकाळी ते कुस्करून गाळलेलं तपकिरी, फेसाळ पाणी कोमट करून पितळी परातीत ओतायचं. रिठ्याच्या टरफलात फेस धरणारं द्रव्य असतं, ते तेलकटपणा उचलतं आणि धातूला चावत नाही. जुने सोनारही रिठाच वापरायचे. आजीला यातलं द्रव्य वगैरे ठाऊक नव्हतं. "रिठ्याला दात नसतात," एवढंच ती म्हणायची.

दागिन्याला ती डाग म्हणायची. "चार डाग आहेत अंगावर, तेवढे तरी नीट सांभाळ." कपड्यावर पडतो तोही डाग आणि गळ्यात घालायचा तोही डाग, याची मला फार गंमत वाटायची. दरवर्षी आम्ही डागांचे डाग काढत बसायचो.

पण परातीत काही पडायच्या आधी मोजणी व्हायची. जमिनीवर पांढरा पंचा अंथरायचा. गुलाबी कागदाच्या पुड्या सुटायच्या. आजी नाव घ्यायची आणि आई त्या नगाला बोट लावायची. पाटल्या दोन. बिलवर चार. बोरमाळ एक. मोहनमाळ एक. नथ एक. कुड्यांचा जोड. शेवटी आत्यानं ठेवायला दिलेल्या दोन बांगड्या, त्या वेगळ्या फडक्यात. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. शेती आजोबांच्या नावावर, घर आजोबांच्या नावावर, बँकेचं पुस्तक अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर. पंचावर मांडलेलं तेवढंच काय ते बायकांचं. आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, धुणं हे निमित्त होतं. वर्षातून एकदा दार लावून आपलं किती आहे ते बघायचं, हे खरं काम.

म्हणून तर उजळायला सोनाराकडे टाकायची कल्पनाच आजीला मान्य नव्हती. सराफ कट्टा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १८३२ साली गाडगीळांची पेढी सुरू झाली ती याच सांगलीत, तेव्हा सोन्याची पारख या गावाला नवी नाही. तरी आजीचं म्हणणं एकच: पॉलिशला दिलं की घट येते. आणि त्यात ती चुकत नव्हती. फिरत्या चाकावर धरून झिलई आणायची म्हणजे वरचा पापुद्रा खरवडूनच आणायची. आम्लात बुडवलं तरी थोडंफार जातंच. तिचा हिशोब गुंजांचा. आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. त्या मापानं गुंज भरते ग्रॅमच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढी. "दर वर्षी एक गुंज गेली तर नातीच्या लग्नापर्यंत काय राहील?" नात म्हणजे मी. मला तेव्हा लग्नात रस नव्हता, पण गुंजेत होता. लालभडक बी, डोक्यावर काळा ठिपका. इतक्या सुंदर गोष्टीनं कुणी हिशोब का करतं, असं वाटायचं.

आत्याच्या बांगड्या वेगळ्या फडक्यात असण्यालाही कारण होतं. तिचं लग्न १९६४ चं. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९६३ मध्ये, सोनं नियंत्रणाचा नियम आला होता. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी. चोवीसातले चौदा भाग सोनं म्हणजे शंभरात जेमतेम ५८, बाकी सगळा तांब्याचांदीचा कारभार. कितीतरी सोनारांचे हातोडे त्या नियमानं थंडावले. आत्याच्या बांगड्या तशा सोन्याच्या. रंग लालसर, आणि चार महिने घातल्या की पुन्हा मळकट. परातीत त्यांची पाळी शेवटची, कारण त्या घासायलाच सगळ्यात जास्त वेळ जायचा. आमच्या घरात 'चौदा कॅरेट' ही शिवी होती. एखादा नातेवाईक तोंडावर गोड आणि मागं कडू निघाला की आजी म्हणायची, "चौदा कॅरेट आहे तो, चार दिवसांत कळतंय." आत्यासमोर मात्र हा शब्द कुणी काढायचा नाही.

मी अकरावीत होते त्या वर्षीची मोजणी मला लख्ख आठवते. तासगावकडे आमची दोन एकर द्राक्षबाग होती. घड तयार व्हायच्या वेळेला अवकाळी पाऊस आला. मणी तडकले, कुजले. औषधाची उधारी आणि मजुरी अंगावर. हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. गौरींच्या आधी कडी लागली, पंचा पडला. पाटल्या दोन. बिलवर चार. बोरमाळ एक. मग आजी म्हणाली, "मोहनमाळ एक." आईचं बोट हललं नाही.

आजी थांबली. खिडकीच्या गजांतून येणारं ऊन पंचावर पडलं होतं, बोरमाळ आणि नथ यांच्या मधे रिकाम्या जागेत. आई त्या जागेकडे बघत होती. मला वाटलं आता काहीतरी होणार.

"नथ एक," आजी म्हणाली, आणि आईनं नथीला बोट लावलं.

एवढंच. त्या दुपारी रिठ्याचा फेस नेहमीपेक्षा जास्त झाला, कारण आईनं प्रत्येक नग दोनदा घासला. संध्याकाळी अण्णा आले तेव्हा आजीनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, "बाग परत धरणार ना?" मोहनमाळेचं नाव नाही.

ती सुटून आली दोन वर्षांनी. पुढच्या हंगामातला माल अण्णांनी ताजा न विकता त्याचा बेदाणा केला, त्याचे बरे पैसे झाले. माळ आली ती फाशाजवळ पुठ्ठ्याचा एक बारीक तुकडा बांधून. त्यावर निळ्या शाईत नंबर. दोरा इतका करकचून बांधलेला की सुटेना. आईनं ब्लेडनं कापला. कापताना हात थरथरू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं होतं. मग माळ रिठ्यात टाकली, काढली, परत टाकली. तीनदा. शेवटी आजीच म्हणाली, "पुरे की गं आता, झिजंल." तो नंबर मला अजून पाठ आहे, पण इथं लिहावासा वाटत नाही.

पॉलिशवाल्यांची एक आठवण त्याच सुमाराची. वाड्यात मागच्या बाजूला एक काकू राहायच्या. दुपारी दोन चांगले कपड्यातले तरुण आले, कसली तरी पावडर विकायला. आधी देव्हाऱ्यातलं निरांजन चकचकीत करून दाखवलं, फुकट. मग काकूंचे चांदीचे पैंजण. मग बांगड्या मागितल्या. डब्यात हळदीचं पाणी, त्यात बांगड्या, 'गॅसवर ठेवा, अर्ध्या तासानं उघडा' म्हणून सांगितलं आणि ते गेले. बांगड्या होत्या, चमकतही होत्या. वजन केलं तर सव्वा तोळा कमी. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल तीनास एक मिसळलं की त्याला आम्लराज म्हणतात, आणि एरवी कशालाही न बधणारं सोनं त्यात साखरेसारखं विरघळतं. काकूंच्या बांगड्यांचं सव्वा तोळा सोनं कुणाच्या तरी बाटलीत पातळ होऊन गल्लीतून चालत गेलं. काकूंना वाईट वाटलं ते सोन्याचं नव्हे, "मी त्यांना पाणी विचारलं गं, सरबत करून दिलं" याचं. अजूनही सातारा-सांगलीच्या पेपरात महिन्यादोनमहिन्यांत अशी बातमी असते. हळदीचं पाणी आणि गॅसवरचा डबा यांत काही फरक पडलेला नाही.

तरी फसवणुकीचं सोडा, मी स्वतः काय कमी दिवे लावलेत? आठ-दहा वर्षांपूर्वी मोबाइलवर बघून उकळत्या पाण्यात सोडा टाकला आणि त्यात आजीची बोरमाळ सोडली. पाच मिनिटांनी पाण्याला लालसर तपकिरी झाक. बोरमाळेचा मणी म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. लाख पातळ झाली आणि भोकातून बाहेर आली. मी घाबरून माळ चिमटीत धरून उचलली, तर दोन मणी चेपले, वाळलेल्या बोरासारखेच. सराफ कट्ट्यावरच्या कारागिरानं चष्मा कपाळावर सरकवून मणी बघितले, मग मला बघितलं. "ताई, हे उकळायचं नसतंय." मजुरीपेक्षा ते वाक्य महाग पडलं.

तेव्हापासून मी साधी झाले. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, पंधरा-वीस मिनिटं भिजवणं, लहान मुलांच्या दातांचा मऊ ब्रश. नळाखाली काही धरायचं नाही, सगळं पातेल्यात. टूथपेस्ट नाही, कारण तिच्यातली बारीक खर सोन्याला ओरखडते. ब्लीच तर अजिबात नाही, ते सांध्यातल्या डाकावर, म्हणजे झाळणावर जातं. कुंदनाचं असेल तर पाण्यात बुडवायचंच नाही, खड्यामागच्या वर्खात पाणी शिरलं की खडा आंधळा होतो. आणि मोती. मोत्याचा जीव चुन्याचा. लिंबू, व्हिनेगर लागलं की वरची झळाळी गेली ती गेलीच. नथ ओल्या फडक्यानं पुसायची, बस.

नथीचं निघालं म्हणून सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातलं घर सोडून आम्ही विश्रामबागला मावशीकडे आलो तेव्हा आईनं बाकी सगळं कमरेला बांधलं होतं, पण नथ आणि कुड्यांची डबी कपाटातल्या वरच्या फळीवर राहिली. "तिथपर्यंत काय येतंय पाणी, २००५ ला आलं नव्हतं." या वेळेला आलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, आणि तो वास, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. डबी सापडली. आत सोनं जसंच्या तसं. पण सराफ ज्या गुलाबी कागदात पुडी बांधून देतात त्याचा रंग आठवडाभर पाण्यात सुटला होता आणि नथीचे मोती फिकट गुलाबी झाले होते.

प्यायला पाणी टँकरचं. रांगेत उभं राहून आणलेल्या घागरीतलं एक तांब्याभर पाणी आईनं वेगळं काढलं आणि त्यात कुड्यांचा चिखल धुतला. मावशी म्हणाली, "अगं, नंतर धू की, प्यायला नाहीये." आई म्हणाली, "मोजायचं राहिलंय." मोती मात्र गुलाबीच राहिले. ते बदलून घेऊ म्हणून मी दोनदा विचारलं. तिला तसेच आवडतात म्हणे.

विट्याचा एक मुलगा काही वर्षं आमच्याकडे भाड्यानं राहत होता, त्याच्याकडून मला सोनं धुण्याची दुसरी बाजू कळली. खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत पसरलेली आहेत. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, हे त्यांचं काम. सोनं साधारण तिप्पट चांदीत वितळवतात, मग थंड झालेलं ते मिश्रण नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोनं उरतं, तपकिरी भुकटीसारखं. "बघितलं तर तुम्ही केरात टाकाल, काकू," तो म्हणायचा. त्याचे वडील सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचे. भट्टीची राख, पायपुसणं, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ. सगळं जाळून, गाळून त्यातून सोनं काढायचं. पूर्वी हेच काम झारेकरी करायचे, सोनाराच्या दारातली माती धुऊन. म्हणजे आजीला ज्या गुंजेची भीती होती ती गुंज कुठं हरवत नव्हती. तिचा कुणीतरी धनी होताच.

मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मी काय वेगळं करते?"

खरंच. सोनं धुतलेलं पाणी आमच्याकडे कधी मोरीत ओतलं नाही. ते पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून गाळायचं. एकदा त्यात कुडीची फिरकी सापडली होती, एकदा खडा. गाळलेलं पाणी अंगणातल्या पारिजातकाच्या आळ्यात. आता फ्लॅट आहे, पारिजातक कुंडीत आहे, पाणी गाळणं तेच आहे.

यंदा आई खाली बसू शकत नाही म्हणून पंचा पलंगावर अंथरला. नावं तिनं घेतली, बोट मी लावलं. अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे, न सांगता बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर घेऊन बसले. दरवर्षी बसतात. "मोहनमाळ एक," आई नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं म्हणाली. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

पाटल्या मी सगळ्यात शेवटी धुतल्या. खाचांतली हळद सुटून पाण्याला पिवळसर छटा आली. पुसून तिच्या हातात घालायला गेले तर कोपरापर्यंत सहज वर जायला लागल्या. मी म्हटलं, सराफाकडे देऊन लहान करून आणू. तिनं मान हलवली. कापायचं, डाक लावायचा, घट यायची. "पुढं दोन दोन हिरव्या बांगड्या घाल घट्ट मापाच्या," ती म्हणाली, "अडकून राहतील." राहिल्या.

पातेलं उचलून मी पाणी गाळलं. फडक्यावर हळदीचा एक पुसट गोल उरला, बाकी काही दिसेना. मी ते नळाखाली धरणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"धुवू नकोस लगेच. वाळू दे, मग उन्हात झटकून बघ."

फडकं आता दोरीवर आहे.